पुढं सोडा

“परत नवं पावणं आणलंय त्यांनी,” आतून काकूंचा आवाज आला. “आता म्हैनाभर या घरात दुसरं बोलणं न्हाई.”

मी एक चप्पल काढून आणि एक पायात ठेवून डॉक्टरांच्या ओट्यावर उभी होते. घरात पाहुणे आलेत म्हटल्यावर काढलेली चप्पल मी पुन्हा घातली. कळंबहून आळेफाट्यापर्यंत एसटी, तिथून राजुरीपर्यंत जीप, एवढा प्रवास फुकट गेला असता तरी मला चाललं असतं. अनोळखी पाहुण्यांसमोर बसून ‘काय शिकलीस, कुणाची तू’ ह्याची उत्तरं देणं मला त्याहून अवघड होतं. मी वळणार तेवढ्यात गोठ्याच्या बाजूने हाक आली.

“या मालकीणबाई. पावणं बघायला या.”

गोठ्यात गुरं नव्हती. डॉक्टरांनी ती कधीच विकली होती. गव्हाणीवर फळी टाकून तिचं टेबल केलं होतं, त्यावर लॅपटॉप होता आणि लॅपटॉपशेजारी लग्नाच्या मांडवात असतो तसला एक काळा, उंच स्पीकर. डॉक्टर फळीसमोर पाटावर मांडी घालून बसले होते. पाहुणं म्हणजे एक वेबसाइट होती.

“बघा,” ते पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, “काय देखणं हाय. आणि गरीब पन हाय, मारकं न्हाई.”

डॉक्टर गुरांचे होते. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी प्रोग्रामिंग शिकायला घेतलं, कारण त्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांना बिनबोलत्या पेशंटची सवय होती. आमची गाय एकदा विण्याच्या वेळी अडली होती तेव्हा त्यांनी ती सोडवली, तेव्हापासून वडिलांचा त्यांच्यावर जीव. मी बी.सी.एस. होऊन नोकरीची वाट पाहत घरी बसले होते, तर वडिलांनी परस्पर सांगून टाकलं, “डॉक्टरांना कम्प्युटरचं कुणीतरी पाहिजे. जा. घरात बसून भिंती वाचण्यापेक्षा बरं.”

कुणालाही ते नावाने हाक मारत नसत. पुरुष असला तर ‘मालक’, बाई असली तर ‘मालकीणबाई’. मला आधी ती थट्टा वाटली. नंतर कळलं की तो त्यांचा सिद्धान्त होता. त्यांचा प्रोग्राम कुणाच्या एकट्याच्या मालकीचा नव्हता. एका विहिरीवर, एका पाइपलाइनवर पाच-पन्नास शेतकरी असतात. कुणी कधी पाणी घ्यायचं, मध्येच लाइट गेली तर कुणाची वेळ किती पुढे ढकलायची, हे तो लावून द्यायचा आणि ज्याच्या-त्याच्या फोनवर सांगायचा, ‘उद्या पाण्याची पाळी तुमची’. कोड उघडा होता. कुणीही न्यावा, वापरावा, दुरुस्त करावा, आणि केलेली दुरुस्ती सगळ्यांना परत द्यावी. राजुरीत तो चालायचा, पिंपरी पेंढारला चालायचा, आंबेगावच्या पश्चिमेला डोंगरातल्या वाड्यांवर झऱ्याच्या पाण्यासाठी चालायचा. दुरुस्त करणाऱ्यांपैकी काही पुण्यातल्या कंपन्यांत होते, काहींना कोड म्हणजे काय हेही माहीत नव्हतं. ते फक्त काय बिघडलंय ते सांगायचे.

“इथं सगळेच मालक,” डॉक्टर म्हणायचे. “आणि सगळ्यांची मिळून एक म्हैस आसली ना, की धार काढायला सगळे येतात. शेण काढायला कुणी न्हाई.”

मुक्त सॉफ्टवेअरबद्दल नंतर मी इंग्रजीत पुष्कळ वाचलं. हे वाक्य मात्र कुणी लिहिलेलं नाही.

*

त्यांचा स्वतःचा कोड वाईट होता. निखिल नावाचा पुण्याचा इंजिनिअर, जो आमच्यातला सगळ्यात हुशार, तो एकदा मीटिंगमध्ये म्हणाला, “डॉक्टर, हे चालतंय कसं तेच मला कळत नाही.” डॉक्टर खूश झाले. “चालतंय ना? मग पायाकडं बगू नका, बुजेल.”

पण कुणी बिघाड सांगितला, की त्यांच्यातला डॉक्टर जागा व्हायचा. दुसरीकडे लोक ‘ॲप चालत नाही’ असं लिहितात आणि गप्प बसतात. डॉक्टरांकडे ते चालायचं नाही. त्यांनी बिघाड कळवायचा एक छोटा नमुना केला होता. त्यात चार प्रश्न. काय लक्षण? कधीपासून? त्याआधी काय खाल्लं होतं? आणि तुमच्याआधी कुणी औषध दिलंय का?

निखिल पहिल्यांदा हसला होता. पण ‘काय खाल्लं’ म्हणजे प्रोग्रामला कुठली माहिती भरवली होती, आणि ‘कुणी औषध दिलंय का’ म्हणजे कुणी आधीच खुडबुड करून ठेवली आहे का. ह्या दोन प्रश्नांवर आमचे निम्मे बिघाड पकडले जायचे. दत्तूभाऊ म्हणजे राजुरीच्या पाणी संस्थेचे पाटकरी, कालव्याच्या चाऱ्यांची दारं उघडणं-बंद करणं त्यांचं काम. त्यांनी एकदा लिहिलं, ‘लक्षण: गप्प बसलंय. कधीपासून: सकाळधरनं. काय खाल्लं: काही नाही, बॅलन्स संपलाय. औषध: माझ्या मेव्हण्याने दिलंय.’ डॉक्टरांनी ते सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. “याला म्हंत्यात हिस्ट्री घेणं,” ते म्हणाले. “मेव्हण्याचं औषध म्हटलं की मला अर्धं निदान झालं.”

नवं साधन आलं की डॉक्टर अंगात आल्यासारखे व्हायचे. पण घाई करायचे नाहीत. हे दोन्ही एका माणसात कसं राहायचं मला कळत नसे. सकाळी सहाला त्यांचा मेसेज यायचा, ‘नवीन पावणं सापडलंय, लई गुणी, लवकर या.’ आणि गेल्यावर म्हणायचे, “आज फक्त बघायचं. हात लावायचा न्हाई.” त्यांचा नियम असा, की बाजारातून नवा बैल आणला की तो पहिल्या दिवशी औताला जुंपत नाहीत. जुन्याच्या शेजारी बांधतात. एकमेकांचा वास लागू देतात. त्यामुळे आमच्याकडे जुनं आणि नवं नेहमी काही दिवस शेजारी चालायचं. आधी नुसते ईमेल होते, त्याच्या शेजारी फोनवरचा ग्रुप बांधला. ग्रुप मोठा झाला, मस्ती करायला लागला. कुणी बिघाड सांगावा, तर खाली तीन जण कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा टाकणार, मग एक सूर्योदय, मग गुलाब, आणि बिघाड वर कुठेतरी गाडला जाणार. निखिलने केलेली दुरुस्ती कुणी तपासायची हे तर कुणालाच माहीत नसे. सगळ्यांनी बघितली, म्हणजे कुणीच बघितली नाही.

म्हणून हे नवं पाहुणं. त्या साइटवर प्रत्येक बिघाडाला स्वतःची जागा होती, प्रत्येक दुरुस्तीला स्वतःची जागा होती, आणि दुरुस्ती मुख्य प्रोग्राममध्ये जाण्याआधी ती कुणी तपासायची त्याचं नाव समोर यायचं. निखिल किती दिवस हेच मागत होता. त्याने स्पष्ट सांगून टाकलं होतं, “डॉक्टर, मी आता ग्रुपवर काम करणार नाही. सगळे तिकडे आले तर उत्तम. नाहीतर मी आणि पुण्यातले चौघे कोड घेऊन वेगळे होतो.”

वेगळं होणं ह्याला कोडवाल्यांच्या भाषेत फोर्क म्हणतात. दत्तूभाऊंनी विचारलं, फोर्क म्हंजी काय. डॉक्टर म्हणाले, “फाटा.”

“मग ठीकय की. आळेफाट्याला फाटा फुटला म्हणून कुणाचं वाईट झालंय?”

“वाईट न्हाई झालं. पन एका रस्त्याला डांबर पडायचं आन दुसऱ्याला खड्डे, तसं नको. कोड लिहिणारे त्या रस्त्यानं गेले, तर आपल्या रस्त्याला डांबर कोन टाकणार? मी?” डॉक्टर स्वतःकडे बोट दाखवून म्हणाले. दत्तूभाऊ त्या बोटाकडे पाहत राहिले. त्यांनाही डॉक्टरांचा कोड माहीत होता.

तर गोष्ट एवढीच होती. दत्तूभाऊंसारखे लोक नव्या साइटवर आले, तर प्रोग्राम सगळ्यांचा राहणार होता. नाही आले, तर चांगली बाजू पुण्याला जाणार होती आणि राजुरी, पिंपरी पेंढार, डोंगरातल्या वाड्या जुन्या, बिघडत जाणाऱ्या प्रोग्रामवर राहणार होत्या. आणि साइट सगळी इंग्रजीत होती.

“ते बी उघडंच हाय,” डॉक्टर म्हणाले. साइटचा कोडही मुक्त होता, तिची भाषा बदलता येत होती. त्यांनी पाट माझ्याकडे वळवला. “आन आपल्याकडं इंग्लिश मीडियमच्या मालकीणबाई हायेत.”

*

इंग्लिश मीडियममध्ये शिकल्याचा माझ्यावर झालेला परिणाम असा, की मला दोन्ही भाषांत गप्प बसता येतं. शाळेत मराठीत बोलायचं नसे, आणि घरी इंग्रजी कुणाशी बोलणार. लिहिता मला दोन्ही येतं. डॉक्टरांच्या दर आठवड्याच्या मीटिंगमध्ये मी कधी बोलले नव्हते.

ती मीटिंग संध्याकाळी, लोक डेअरीला दूध घालून आले की व्हायची. लोक आपापल्या जागेवरून फोनवर जोडले जायचे आणि त्यांचे आवाज त्या मांडवाच्या स्पीकरमधून गोठाभर घुमायचे. डॉक्टर पाणी सोडावं तसं बोलणं सोडायचे. एकाचं झालं की दुसऱ्याला. ज्याला बोलायचं नसेल त्याने ‘पुढं सोडा’ म्हणायचं, म्हणजे पाणी पुढच्या वावराला जातं. माझी वेळ आली की मी त्याच गोठ्यात, डॉक्टरांपासून हातभर अंतरावर बसून, लॅपटॉपवर टाइप करायचे, ‘पुढं सोडा’. डॉक्टर चष्मा वर करून पडद्यावर वाचायचे आणि जाहीर करायचे, “मालकीणबाई म्हंत्यात, पुढं सोडा.” जणू मी कुठे लांब समुद्रापलीकडे होते. ते एकदाही माझ्याकडे वळून पाहायचे नाहीत. त्याबद्दल मी त्यांची किती आभारी होते हे त्यांना माहीत असावं.

एकदा काकू चहा घेऊन आल्या आणि हे बघून म्हणाल्या, “आवो, ती हितंच बसलीया की. तोंडानं विचारा.”

“पाणी घ्यायचं न्हाई म्हंल्यावर दार फोडून वावरात सोडू का?” डॉक्टर म्हणाले. “घ्यावं वाटंल तवा घेईल.”

भाषांतराला मी बसले तेव्हा मात्र मला मजा यायला लागली. शब्द समोर असतात, माणसं नसतात. फोर्कला फाटा ठरलाच होता. ब्रँच म्हणजे मुख्य कोडपासून काढलेली आपली वेगळी प्रत, तिला ‘चारी’. मुख्य कालव्यातून काढतात ती चारी. चारीतली दुरुस्ती परत मुख्य कोडमध्ये घेणं म्हणजे मर्ज, त्याला दत्तूभाऊ म्हणाले, “मिसळ म्हणा की, कळंल लोकांना.” आम्ही ‘मिळवणे’ ठेवलं, पण दत्तूभाऊ आजतागायत ‘तुमची चारी मिसळली का’ असंच विचारतात. डॉक्टर तर शब्दासाठी वेडे व्हायचे. मी एसटीत असताना फोन करायचे. “घावला, घावला,” एवढंच ओरडून फोन ठेवून द्यायचे, आणि मी राजुरीला पोचेपर्यंत तो शब्द त्यांना आवडेनासा झालेला असायचा.

मीही पेटले होते. घरी जेवताना मी ताटात बोटाने चाऱ्या काढतेय, असं आईने पकडलं.

एका शब्दाला मी तेवढं डोकं लावलं नाही. एखाद्याने दुरुस्ती पाठवली आणि ती तुम्ही तपासायची असली, की साइट तुम्हाला कळवते. मी सरकारी वाटेल असं, नीट लिहिलं: ‘पुनरावलोकन प्रलंबित’. निखिलला ते फार आवडलं. प्रोफेशनल वाटतं, म्हणाला.

जुन्या ग्रुपशेजारी नवी साइट बांधली. सगळ्यांना आत घेतलं. दत्तूभाऊंनी पासवर्ड म्हणून त्यांच्या बैलाचं नाव ठेवलं आणि ते ग्रुपवर सगळ्यांना सांगितलं, म्हणून त्यांना दुसऱ्या बैलाचं ठेवावं लागलं. लोक आले. बिघाड लिहायला लागले. आणि मग सगळं थांबलं.

कमळाताईंनी डोंगरातून बिघाड कळवला होता. त्यांच्याकडे भात, नाचणी. पाणी एका झऱ्याचं, ते टाकीत येतं आणि तिथून वरच्या आणि खालच्या वाडीला वाटलं जातं. पाण्याचं सगळं बायकांचा गट बघतो आणि त्याच्या पुढारी कमळाताई. प्रोग्रामने दोन्ही वाड्यांना एकच वेळ दिली होती. वरच्या वाडीने नळ सोडला की खालच्या वाडीच्या हंड्यात नुसता वारा. निखिलने दुरुस्ती त्याच दिवशी केली आणि ती तपासायला दत्तूभाऊंकडे गेली, कारण वेळा बरोबर लागतात का हे त्यांच्याइतकं कोण बघणार. आणि दुरुस्ती तिथेच बसली. वाड्यांवर रोज भांडण. फोनवरून कमळाताईंचा आवाज आला, “आवो, तुमचं नवीन पावणं निसतं बसून खातंय का काय?”

निखिल चिडला. “मी सांगत होतो. त्यांना नाही जमणार.”

डॉक्टर दत्तूभाऊंच्या घरी गेले, मलाही बरोबर नेलं. दत्तूभाऊंनी फोन उघडून दाखवला. त्यांनी सूचना पाहिली होती, रोज पाहत होते.

“मग तपासली का न्हाई?”

“हे बगा ना, प्रलंबित हाय.” त्यांनी शब्दावर बोट ठेवलं. “तालुक्याला आपला अर्ज जातो तवा हेच येतं. म्हंजी सायबाच्या टेबलावर हाय. आपन थांबायचं. मी थांबलो.”

डॉक्टरांनी तो शब्द वाचला आणि ते इतके हसले, की दत्तूभाऊंचं कुत्रं उठून बाहेर गेलं. परत येताना मोटारसायकल कालव्याच्या पुलावर आली तेव्हा त्यांनी ती थांबवली.

“आपल्या शब्दात त्याचं नावच न्हाई. कुनाचं काम हाय तेच न्हाई. आता हे बगा.” त्यांनी खाली वाहणाऱ्या पाण्याकडे हात केला. “दत्तू बांधावर येऊन तुमाला काय म्हनतो? पुनरावलोकन प्रलंबित हाय म्हनतो? न्हाई. तो म्हनतो, तुमची पाळी आली. मग तुमी ताटावरनं उठून पळता. पाळी आली की पाणी घ्या, न्हाईतर पुढं सोडा म्हना. झोपायला परवानगी न्हाई. हे जे यंत्र आपन आनलंय ना, ते दुसरं काय करतच न्हाई, ते निसतं पाळी लावतं. आनि आपन त्याचं नावच दडवलं.”

त्यांनी मला तिथेच पुलावर उभं राहून फोनवरून शब्द बदलायला लावला. मी टाइप केलं: ‘तुमची पाळी आली आहे.’ आणि मग ते वाक्य मी एकदा वाचलं. आमच्या प्रोग्राममध्ये ‘पाण्याची पाळी’ असं असायचं. इथे पाण्याचा संबंध नव्हता, म्हणून ‘पाण्याची’ गळालं होतं.

माझे कान तापले. डॉक्टर उत्साहाने कालव्याकडे बघत होते. मी बदल जतन केला.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी ज्यांच्या ज्यांच्याकडे काही तपासायचं होतं त्या सगळ्यांना फोनवर सूचना गेली, तुमची पाळी आली आहे. पुण्यातल्या एका मुलाच्या फोनवर ती ऑफिसच्या मीटिंगमध्ये, मोठ्या पडद्यावर आली. दत्तूभाऊंनी जेवता जेवता ताट सरकवलं, दुरुस्ती तपासली, एक चूक काढली आणि दुपारच्या आत ती मिळवूनही टाकली. सगळीकडून अडकलेलं सुटायला लागलं.

आणि कमळाताईंचा आवाज आला. मागे दोन-तीन बायका हसत होत्या. “आवो डॉक्टर, माजी पाळी जाऊन दोन वरसं झाली. आता तुमच्या ह्या यंत्रानं कशी काय परत आनली? आमच्या गटातल्या समद्या इचारत्यात, औषध कंचं दिलंत?”

डॉक्टरांनी ते स्पीकरवर लावलं होतं. काकू स्वयंपाकघरातून पदर तोंडाला लावून बाहेर आल्या आणि पायरीवर बसून हसल्या. मी लॅपटॉपमध्ये जेवढं डोकं घालता येतं तेवढं घातलं.

निखिलला हसू आलं नाही. त्याने साइटवर रीतसर बदल पाठवला: ‘पाळी’ काढून पुन्हा ‘प्रलंबित’ ठेवावं. कारणाच्या जागी लिहिलं, ‘शब्द योग्य नाही.’ खाली पुण्यातल्या दोघांची सहमती. आणि डॉक्टरांना वेगळा फोन करून सांगितलं, हे असं आपण कुणाला दाखवू शकत नाही. हा शब्द राहणार असेल तर आम्ही फाटा काढतो.

“फाटा म्हनाला तो,” डॉक्टर फोन ठेवून मला म्हणाले. “बघा, आपला शब्द वापरला की न्हाई.” पण त्यांनी त्या दिवशी चहा अर्धा ठेवला.

हल्ली डॉक्टर आणि काकू मुलीकडे साताऱ्याला असतात. तिथल्या सोसायटीच्या लिफ्टच्या तक्रारींसाठी त्यांनी म्हणे काहीतरी नवं पाहुणं आणलंय, आणि वॉचमन ‘लिफ्टने काय खाल्लं होतं’ असं विचारतो. मला त्यांची आठवण येते ती बहुतेक वेळा त्याच संध्याकाळची, निखिलचा बदल समोर होता तेव्हाची.

सगळे आले होते. दत्तूभाऊ गोठ्यात पोत्यावर, पुण्याचे लोक आपापल्या घरी, कमळाताई रेंज मिळते त्या टेकाडावर उभ्या. त्यांच्या मागे वाऱ्याचा आवाज येत होता. डॉक्टरांनी बोलणं आधी निखिलकडे सोडलं.

“प्रॉब्लेम असा आहे,” निखिल म्हणाला, “की तो शब्द… म्हणजे… सगळ्यांना माहितीये.”

“काय म्हायती?” दत्तूभाऊंनी विचारलं. ते मुद्दाम करत होते की नाही, मला सांगता येणार नाही.

“म्हणजे त्याचा दुसरा अर्थ.”

“कंचा?”

पुण्यातला दुसरा मुलगा मदतीला आला. “ग्रुपमध्ये लेडीज आहेत ना. ताईंना ऑकवर्ड होतं.”

“कंच्या ताईला?” कमळाताई वाऱ्यातून म्हणाल्या. “मला तर नाय झालं.”

“तुम्हाला नाही, पण बाकी… त्या भाषांतर करतात त्या. त्या तर किती शांत असतात. त्यांना किती वाईट वाटलं असेल.”

मग त्यांच्यापैकी दोघे-तिघे माझ्याबद्दल बोलले. मला काय वाटलं असेल, मला सांगता येत नसेल, माझ्यावर हे टाइप करायची वेळ आली. चांगल्या मनाने बोलत होते. माझं नाव त्या मोठ्या स्पीकरमधून गोठ्याच्या पत्र्यावर आपटून खाली येत होतं आणि मी त्याच्याखाली बसले होते.

“माझं मत तुमाला म्हायती हाय,” डॉक्टर म्हणाले. “मी जन्मभर गाभण हाय का न्हाई हेच बघत आलो, मला लाजायला सवड मिळाली न्हाई. तवा माझं मत धरू नका. पन नियम काय हाय आपला? दुरुस्ती ज्याच्याकडं तपासायला जाईल, तो ठरवंल. मराठी शब्दाची दुरुस्ती कुनाकडं जाती?”

मराठी शब्दांच्या दुरुस्त्या माझ्याकडे याव्यात, हे डॉक्टरांनी पूर्वीच साइटवर लावून ठेवलं होतं आणि मला सांगितलं नव्हतं. माझ्या लॅपटॉपवर वरच्या कोपऱ्यात लाल ठिपका केव्हाचा होता, मी तो तेव्हा पाहिला. मी त्यावर बोट ठेवलं. निखिलचा बदल उघडला. खाली दोन बटणं होती, मिळवा आणि परत पाठवा. आणि सगळ्यात वर माझंच वाक्य होतं.

तुमची पाळी आली आहे.

मी सवयीने टाइप करायला लागले, पुढं सोडा. डॉक्टर चष्मा वर करून पडद्याकडे बघत बसले. वाचायला तयार. दत्तूभाऊ पोत्यावर पुढे सरकले. मी ‘पुढं’ लिहिलं आणि माझ्या डोळ्यांसमोर दत्तूभाऊंचं सरकवलेलं ताट आलं. प्रलंबित असताना ते शहाण्यासारखे थांबले होते. उद्या परत थांबले असते. वरची वाडी आणि खालची वाडी हंडे घेऊन थांबल्या असत्या, मग निखिल परत ‘त्यांना नाही जमणार’ म्हणाला असता आणि पुण्याचा रस्ता वेगळा झाला असता. आणि सगळं कशासाठी, तर मला वाईट वाटू नये म्हणून.

लिहिलेलं पुसलं. ‘परत पाठवा’ दाबलं. साइटने विचारलं, कारण?

माइकचं बटण मी त्याआधी कधी सुरू केलं नव्हतं. ते कुठे आहे तेच मला शोधावं लागलं. सुरू केल्याबरोबर स्पीकर किंचाळला, कारण माझा लॅपटॉप त्याच्या अगदी समोर होता. काकू दारात आल्या. डॉक्टरांनी हात लांबवून स्पीकरचा आवाज कमी केला. तेव्हाही त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

“शब्द तोच राहील,” मी म्हणाले. माझा आवाज पत्र्याखालून मला परत ऐकू आला, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा. “दत्तूभाऊंना कळतो. कमळाताईंना कळतो. दोन्ही अर्थ मलापण कळतात, आणि दोन्ही अर्थांनी ती ज्याची त्यालाच बघावी लागते. निखिल, फाटा काढू नका, चारी काढा, मी तपासेन.” डॉक्टर अजून पडद्याकडेच बघत होते, तिथे काही टाइप होऊन येईल म्हणून. तिथे काही येणार नव्हतं.

“माझी पाळी आहे,” मी म्हणाले. “पुढं सोडायची नाही.”